बोटीच्या इंजिनाचे वायसर

अकोट,
ता. ४ नोव्हेंबर २००२

चि. बंडूस भगवंतमामाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र भेटलं. भाचा धरणावर मच्छीमार संस्थेच्या मोटारबोटीवर लागला, हे मी साऱ्या अकोटात सांगून राहिलो. आता तू इचारतं का, पाण्यात बुडून राहणाऱ्या गिअरच्या डब्याचं तेल बदलल्यावर खालचा ड्रेन प्लग, म्हंजे तेल सोडायचं बूच, परत कसं बसवू. बाबू, तीस वर्षं मी इहिरीवरची इंजिनं दुरुस्त केली. प्लगच्या आट्यांवर सूत गुंडाळ, सफेद्याचा लेप लाव आन् पान्याच्या दांड्याले पाईप लावून जोरात आवळ. थेंब गळणार नाही.

इकडं इहिरी आटल्या. लोक इंजिनं भंगारात देऊन राहिले, म्हणून मले काम नाही. त्यात ओट्यावरून पडलो, पाय प्लास्टरात आहे. मामी शिव्या देऊन देऊन बरं करून राहिली. सूनबाई सौ. आचलले आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा मामा,
भगवंत


धरण वसाहत, ता. मोर्शी,
ता. १२ नोव्हेंबर २००२

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुमी सांगितलं तसंच केलं. तेल बदललं, प्लग पक्का बसला. चार दिवसांपासून रोज वीस बाया कापूस वेचायले पल्याडच्या वावरात नेतो, संध्याकाळी आणतो. सडकेनं बावीस किलोमीटर पडते, बोटीनं अर्धा तास. आचलही त्याईच्यासंग जाते. त्यातली पार्बताबाई पहिल्या दिवशी डोळे मिटून बसली होती, आता तीच साऱ्याइले गाणी म्हणायले लावते.

ओट्यावर नाचणं बंद करा, असं आचल म्हणते. मामीले नमस्कार. आमची आठवण असू द्या.

आपला आज्ञाधारक,
बंडू


अकोट,
ता. २० नोव्हेंबर २००२

चि. बंडूस आ. वि. वि.

आधी बोट काठाले बांध, मंग पुढं वाच.

काल अकोल्याचा नियाज मिस्त्री मले पाहाले आला. तो बोटीचीही मशीनं खोलते. मी मोठ्या शेखीनं त्याले सूत-सफेद्याचं सांगितलं, तं त्यानं हातातला चहा खाली ठेवला. म्हणे, तो डबा अॅल्युमिनियमचा, पाईप लावून आवळला का आटेच जातात. आन् सुतानं प्लग पुरा बसत नाही, पाणी आत शिरते. तिथं प्लगखाली वायसर, म्हंजे चकती असते, दर खेपेस नवाच टाका लागते. तेल दुधासारखं निघालं तं पाणी शिरलं समजायचं. मंग गिअर जातात आन् मशीन मधातच बंद पडते.

तव्हापासून घास उतरून नाही राहिला. संस्थेच्या हापिसात फोन लावला, नुसती घंटी वाजते. वीस बाया पाण्यावर, त्यात आपली आचल, आन् चूक माझी. इहिरीवरचं इंजिन बंद पडलं तं माणूस घरी जाते, धरणाच्या मधातून कुठं जाईल? मामीनं माझ्याशी बोलणं टाकलं. उलट टपाली कळव.

घाबरलेला,
मामा


धरण वसाहत,
ता. २६ नोव्हेंबर २००२

ती. मामांस सौ. आचलचा वाकून नमस्कार वि. वि.

सारे खुशाल आहोत. मामा, तुमचं सूत आमी लावलंच नव्हतं.

तेलाच्या डब्यासंग दोन नवे वायसर आले होते, एक खालच्या प्लगाचा, एक वरच्या. तरी तुमचं पत्र समोर ठेवून हे सूत गुंडाळायले बसले. मी इचारलं का हे दोन मंग कशाले पाठवले. त्याईचं एकच, मामाच्या शब्दाबाहेर जायचं नाही. मी म्हटलं का बोटीत मामा बसणार नाहीत, मी बसणार आहो. लय वाजलं आमचं. शेवटी वायसर टाकून प्लग बेतानं आवळले. तुमच्या मनाले लागू नये म्हणून ह्याईनं तुमाले तसं लिहिलं.

तुमचं पत्र आल्यावर बोट बांधली आन् तेल काढून पाहिलं. साफ निघालं. परत नवे वायसर आणून टाकले. हे तोंड लपवून बसले आहेत, म्हणून मी लिहून राहिली. रागावू नका, जेवत जा.

तुमची सून,
आचल


अकोट,
ता. २ डिसेंबर २००२

चि. सौ. आचलस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मामीनं दोनदा वाचून दाखवलं. मंग ती देवापुढं साखर ठेवायले गेली आन् मी मन भरून रडलो. लपवत नाही तुझ्यापासून. आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बंडूले म्हणा, खोटं लिहिल्याबद्दल कान पिळीन, पाय बरा झाल्यावर. आन् तुले काय सांगू, बाई? या घरात कोणी माझा शब्द मोडला तं मी हप्ता हप्ता बोलत नव्हतो, मामीले इचार. तू मोडला म्हणून वीस बाया रोज घरी येऊन राहिल्या. पुढंही असाच मोडत जाजो.

तुझा, न ऐकलेला मामा,
भगवंत