वडिलांच्या स्मृतिशिलेभोवतीचे शेवाळ

प्रति,
मा. विभागप्रमुख श्री. तोमिओका,
पर्यावरण विभाग, इवानोसे नगर कार्यालय.

विषय : कै. मिनेगिशी तोकुजी यांच्या शिलेभोवतीचे शेवाळ बर्फ वितळण्यापूर्वी काढण्याबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, दि. २४ फेब्रुवारी.

महोदय,

१. माझ्या वडिलांनी सतरा वर्षे बंद खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यातले शिसे काढले. टाक्यांत ते शेवाळाच्या पेशी वाढवीत. पाणी त्यांतून पुढे जाई, शिसे पेशींत राही. भरलेले शेवाळ पिंपांत बंद होऊन धातूच्या भट्टीकडे जाई. पाहुण्यांना ते सांगत, "कौतुक मागाहून करा, आधी हातमोजे घाला." आपण दोनदा आला होतात. दोन्ही वेळा आपण फक्त कौतुक केलेत.

२. त्यांच्या मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला आपण ओढ्याकाठी त्यांची शिला उभारलीत. शिलेला शेवाळ शोभते, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आपण ते शेवटच्या टाकीतून आणलेत. टाकीवर वडिलांच्या हातची पाटी होती : "शिसे. हात लावू नये." आपण मला म्हणालात, "बघा मिनेगिशीबाई, त्यांचंच शेवाळ त्यांच्या पायाशी! आणि धरलंय किती छान!" मीही वाकून आभार मानले. टाकी रिकामी असल्याचे मला आठवड्याने कळले. ही चूक माझी.

३. शिलेवरचे बर्फ वितळून ओढ्यात उतरते आणि तिथून खाली तीनशे पावलांवर भातखाचरांचा पाट सुटतो.

४. आपल्या कार्यालयाच्या खिडकीवरचे श्री. उसुई म्हणाले, "टाकीतला माल हलवायचा तर नोंदलेल्या माणसाच्या नावाचा शिक्का लागतो."
"ते वारले."
"मग त्यांचा शिक्का घेऊन या, ताई."
शिला त्यांच्या खिडकीतून दिसते. आपण माल हलवलात तेव्हा शिक्का कोणाचा होता, असे मी विचारले. "तेव्हा ती सजावट होती," असे उत्तर मिळाले. इतके निर्दोष उत्तर मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात नाही.

५. तरी शनिवारपर्यंत माणसे पाठवावीत. न पाठविल्यास रविवारी मी व शेजारी शेवाळ उचलून, पिंपांत भरून, आपल्या दाराशी ठेवू. पाटी तीच राहील.

शिलेवर आपण कोरले आहे : "याने पाणी निर्मळ केले." हे वाक्य राखायचे नसल्यास शिला आधी काढावी.

उत्तराची वाट पाहणारी,
मिनेगिशी चिहो
दि. २ मार्च

सोबत : १) टाकीवरच्या पाटीचे छायाचित्र.
२) हातमोजे, एक जोड. वडिलांचे आहेत, काम झाल्यावर परत करावेत.