बंगळूरला वळसा

कुणीगल, मंगळवार

सौ. निंगव्वेला फकीरप्पाचे शरणु.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. मोटरसायकल छान पळतेय. पाठ दुखत नाही, म्हणजे फारशी नाही. मोठ्या शहरात गाडी घालायची नाही अशी तू शपथ घातलीस म्हणून दावणगेरेच्या बाहेरूनच आलो आणि तुमकूरला बंगळूरचा रस्ता सोडून इकडे वळलो. तळ्याकाठी सावली चांगली आहे.

टपरीवाली विचारते, "अज्जा, या वयात गाडीवर कन्याकुमारी? घरी भांडून निघालात काय?" म्हटलं, "भांडणारी घरीच राहिली, म्हणून तर करमत नाही."

आपल्या मृत्युंजयला कालच सांगितलं होतं, मी शहरात शिरणार नाही, तूच दोन घटका इकडे ये. "येतो की अप्पा," म्हणाला. तुझ्या शेंगा-चटणीचा डबा काढून बाकावर ठेवला. त्याच्यासाठी इडल्या सांगितल्या. त्या निवल्या, मग मीच खाल्ल्या.

ऊन चढल्यावर त्याचा फोन आला. "अप्पा, मी केव्हाचा ट्रॅफिकमध्ये अडकलोय. तुम्ही निघा, उगाच उन्हात थांबू नका." तू म्हणतेस ते खरंच, त्या शहरात मुंगीला शिरायला जागा नाही.

डबा परत पिशवीत बांधलाय. म्हैस दूध देते ना? कानात थेंब घालतेस का?

आणि त्याला फोन करून रागावू नकोस. तो बोलत असताना मागे कुकरची शिट्टी झाली, ती शेजारच्या गाडीतली असेल.

जपून राहा.

फकीरप्पा