बाजूला बसण्याची घोंगडी

ठाकूरद्वार,
ता. ४ नोव्हेंबर १९५७

चि. सौ. चंपास अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल तुझ्या सासूबाई परळहून पेढे घेऊन आल्या. दोन महिने सून बाजूला बसलेली नाही, असं सांगून माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की मी टाळ्याच वाजवाव्यात. मी पेढा खाल्ला नाही. गेल्या वर्षी गर्भ नळीत राहिला, नळी फुटली आणि तू थोडक्यात वाचलीस. पाळी चुकली की लगेच दाखवायला या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गेलीस का? राजारामला घेऊन उद्याच जा. मुंबईसह महाराष्ट्र मागताना आपल्या जावयाचा घसा बसतो म्हणे. थोडा आवाज इस्पितळासाठी राखून ठेव म्हणावं.

तुझी काळजी वाहणारी,
द्वारकामावशी


परळ,
ता. ७ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तसं काही नाही. पाळी परवा आली. ऑपरेशनपासून तिचा ताळमेळ राहिलेला नाही. कधी दीड महिना पत्ता नसतो, कधी नुसते डाग पडतात. या खेपेला लांबली आणि आईंनी हिरवा खण आणला, शेजारच्या कमलाबाईंनाही सांगून टाकलं. मग कोपऱ्यातली घोंगडी अंथरायचा धीरच झाला नाही. स्वयंपाक केला, देवाजवळ दिवासुद्धा लावला. पापाची भीती वाटते, पण त्याहून जास्त आईंच्या तोंडाकडे पाहायची. मावशी, एका नळीवर मूल होतं का गं? खरं सांग.

तुझ्या मायेची भुकेली,
चंपा


ठाकूरद्वार,
ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. चंपास आशीर्वाद.

होतं. डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलं होतं, तेव्हा तू रडत होतीस. खात्री कुणाचीच कुणी देत नाही, पण दार बंद झालेलं नाही. अशा ऑपरेशननंतर पाळी काही महिने वाकडी चालू शकते. तरी एकदा दाखवून ये.

पापाचं देवावर सोड. लपवण्याचं मात्र मी बोलणार. गेल्या वर्षी पोटात दुखलं, डाग पडले, तर घरच्यांनी पाळीची कळ म्हणून ओवा दिला आणि वेळ गेला. आता सगळे तुला दिवस गेलेत असं धरून बसलेत. उद्या खरंच दुखलं तर डोहाळे समजून चिंच देतील. सासूबाईंना आजच सांग. रविवारपर्यंत सांगितलं नाहीस, तर मी येऊन सांगेन. मला हळू बोलता येत नाही. सगळ्या चाळीला ऐकू जाईल.

रागावली तरी तुझीच,
द्वारकामावशी


परळ,
ता. १५ डिसेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं होतं. आईंनी हातातलं सूप खाली ठेवलं आणि पोटात दुखतंय का, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी मोर्चा सोडला आणि मला इस्पितळात नेलं. तपासून बाईंनी सांगितलं की काळजीचं काही नाही, वाट पाहा. चुकली तर मात्र एक दिवसही थांबू नका.

काल पुन्हा पाळी आली. मी घोंगडी शोधू लागले तर जागेवर नाही. आईंनी ती माळ्यावर टाकली होती. मी बाजूला बसले नाही हे पाहून कमलाबाई गॅलरीत आल्या आणि यंदा तरी नक्की का, म्हणून विचारू लागल्या. आईंनी त्यांना सांगितलं की आमच्या घरात आता कुणी बाजूला बसत नाही, तेव्हा तुमची मोजणी तुमच्याच घरात करा. मग तिथूनच मला हाक मारली आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. सगळ्यांदेखत आईंनी तो पिऊन रिकामा केला.

आई पेढे घेऊन पुन्हा आल्या, तर खा.

तुझी,
चंपा