पृथ्वी सरळ केली

९ डिसेंबर
देर है, अंधेर नहीं. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मुख्याध्यापिका बाईंनी नववीचा पृथ्वी आणि अवकाशाचा भाग माझ्याकडे दिला. दुसरं कुणी रिकामं नव्हतं म्हणे. ती त्यांची बोलण्याची पद्धत.
फेब्रुवारीत तपासनीस येणार, माझा एक तास बघणार. त्यांना पटलं तर मी पर्मनंट. किती वर्षं टेंपररी खेळाचा मास्तर म्हणून शिट्ट्या फुंकायच्या? साडू पर्मनंट झाल्यापासून सासरी चहा आधी त्याला मिळतो, मग मला.
संकल्प: रोज धडा वाचून जायचं. मुलांना हात लावायचा नाही, जे काय मारायचं ते शब्दांनी.

१२ डिसेंबर
धडा वाचला नाही. गरज पडली नाही. ऋतू कसे होतात हे शेंबडं पोरही सांगेल. शेकोटीजवळ गेलं की ऊब, लांब गेलं की थंडी. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा. संपला धडा. बाई यावर आठवडा घालवत होत्या.
मी कवायतीच्या तालावर बसवलं. जवळ, उन्हाळा: एक पाऊल पुढे. लांब, हिवाळा: एक पाऊल मागे. आख्खा वर्ग एका ठेक्यात. खिडकीची काच हादरली. याला म्हणतात शिकवणं.

१५ डिसेंबर
प्रयोगशाळेचं कपाट उघडलं. पृथ्वीचे गोल आहेत, पण एकूण एक वाकडे! सगळे एकाच बाजूला कललेले. इतकी वर्षं बाईंनी हे चालवून कसं घेतलं? कंपनीला फोन केला, आख्खा लॉट सदोष आहे म्हणून सुनावलं. पलीकडचा माणूस आधी हसला, मग फोन कट. ग्राहकसेवा पार रसातळाला गेली आहे.
फाटक दुरुस्त करायला वेल्डर आलाच होता. त्याच्याकडून सगळ्या गोलांचे दांडे ठोकून सरळ करून घेतले. आता कसे सावधानमध्ये उभे आहेत.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. अंगणाचा इथे काय संबंध? विज्ञानाचं काही बोलावं तर ही अंगणात.

४ जानेवारी
कडाक्याची थंडी. शिट्टी ओठाला चिकटते.
वर्गात शेवटच्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी आहे. सारख्या शंका काढते म्हणून मी तिचं नाव शंकेश्वरी ठेवलं. वर्ग इतका हसला की आता तिला त्याच नावाने हाक मारतात. आज उठली आणि म्हणाली की पुस्तकात तर लिहिलंय, पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, मग आत्ता आपल्याकडे थंडी का? आणि पृथ्वीचा आस कललेला असतो, म्हणून ऋतू होतात.
मी पुस्तक पाहिलं. खरंच तसं छापलंय. काय ही छपाई! सगळ्यांना पेन काढायला लावलं, जानेवारी खोडून जून करून घेतलं. आस कललेला ही ओळ पूर्णच खोडली. उगाच मुलांचा गोंधळ.
शंकेश्वरीने खोडलं नाही. तिला म्हटलं, सूर्य जवळ आलाय ना, मग जा बाहेर, शेक घे. स्वेटर बाकावर ठेवायला लावला. तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभी होती. हात लावला नाही. संकल्प पाळला.

११ जानेवारी
शंकेश्वरी तापाने घरी. तिची आई आली होती. छातीत कफ झालाय म्हणाली. मी समजावलं की मुलगी मुळातच नाजूक आहे, तिला सकाळी मैदानावर पाठवा, चार फेऱ्या मारेल. आई तडक उठून निघून गेली. आभार मानायची रीतच राहिली नाही.

१९ जानेवारी
चंद्राच्या कला: पृथ्वीची सावली. दोन वाक्यांत उरकल्या.
खडकांची पेटी तपासली. फार कळकट. सगळ्या दगडांना बूटपॉलिश करून घेतलं. एक दगड भोकाभोकांचा, पाण्यात टाकला तर तरंगतो. दगड कधी तरंगतो का? कुणीतरी शाळेला फसवलंय. घरी आणला. बायको त्याने टाचा घासते. छान आहे म्हणाली.

२७ जानेवारी
चाचणी. शंकेश्वरीने ऋतूंच्या प्रश्नावर पान भरून लिहिलं, आकृतीसुद्धा काढली. आकृतीत पृथ्वी वाकडी. शून्य. वर्गात आकृती उंच धरून दाखवली, सगळे पोट धरून हसले. ती रडली नाही. अशा मुली पुढे जाऊन फार त्रासदायक होतात.

३ फेब्रुवारी
नवा कोट शिवायला टाकला. पर्मनंटची ऑर्डर खेळाच्या टी-शर्टमध्ये थोडीच घेणार? बायको म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सासरी फोन करून सांगून टाकलं. साडू म्हणाला, ऑल द बेस्ट. आवाजात जळफळाट स्पष्ट.

१० फेब्रुवारी, सकाळी
आजचा दिवस. कोट जरा काखेत दाटतो.
शंकेश्वरीला बाजूला घेऊन बजावलं: तपासनीस साहेबांनी विचारलं तर सरांचंच उत्तर द्यायचं, नाहीतर वार्षिक मार्क माझ्या हातात आहेत. तिने मान डोलावली. शेवटी माणूस वळणावर येतो.

१० फेब्रुवारी, दुपारी
कोट काढून लिहितो.
सुरुवात झकास झाली. मी शिट्टी दिली, वर्ग उठला. जवळ, उन्हाळा! लांब, हिवाळा! पाऊल पुढे, पाऊल मागे. साहेब चकित झाले. त्यांनी एक गोल हातात घेतला, उलटसुलट फिरवला आणि हा असा कुणी केला, असं विचारलं. मी नम्रपणे म्हटलं, मीच. त्यांनी एक पुस्तक उघडलं. मग दुसऱ्या बाकावरचं. मग तिसऱ्या. मुख्याध्यापिका बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.
मग साहेबांनी नेमकं शेवटच्या बाकाकडे बोट केलं आणि विचारलं, ऋतू का होतात, बाळ?
ती उठली. चष्मा पुसला. अगदी शांतपणे म्हणाली, "खरं उत्तर सांगू की सरांचं?"
साहेब म्हणाले, दोन्ही सांग.
तिने आधी खरं सांगितलं. आस, कल, सूर्याचे किरण कुठे सरळ पडतात आणि कुठे तिरपे, सगळं. मग माझं सांगितलं. माझ्याच आवाजात, एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, शेवटी तोंडात बोटं घालून शिट्टीसुद्धा. वर्ग हसला. चाचणीच्या दिवशी हसला होता अगदी तसाच.
साहेबांनी तास संपायच्या आधीच पेनाला टोपण लावलं.

१३ फेब्रुवारी
पर्मनंट नाही. पुढच्या वर्षी टेंपररी पण नाही. या सत्राअखेरपर्यंत फक्त मैदान. साहेबांचा पोटशूळ, दुसरं काय.
शिपायाला किती वाजले विचारलं. तो म्हणाला, खरे सांगू की सरांचे?

१७ फेब्रुवारी
मुख्याध्यापिका बाईंनी पृथ्वीची जबाबदारी मात्र माझ्याकडेच ठेवली आहे. सगळे गोल पुन्हा वाकडे करून द्यायचे, वेल्डर माझ्या खिशातून. कोन बरोबर आहे की नाही हे शंकेश्वरी कोनमापक लावून तपासणार. मी गोल धरायचा, तिने बघायचं. बहुतेक गोलांना ती एकच शब्द म्हणाली, पुन्हा. व्हरांड्यात वारा फार होता. तिने स्वेटर घातला होता. माझा कोट प्रयोगशाळेत राहिला होता, आणायला जाऊ का विचारलं, तर म्हणाली, आधी हे होऊ दे, सर.

१८ फेब्रुवारी
सर्दी, ताप. घरीच.
बायको कोटाच्या काखेची शिवण उसवत होती. साडूला बसेल म्हणाली, नाहीतरी तुम्हाला कुठे जायचंय. मी पडल्या पडल्या विषय काढला. त्या पोरीने घात केला नसता तर मी पर्मनंट झालोच असतो की नाही?
तिने दोरा दाताने तोडला. "खरं उत्तर सांगू की तुमचं?"
मी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. म्हटलं, माझं सांग.
"झालाच असतात," ती म्हणाली, आणि दुसरी बाही उसवायला घेतली.