रविवारची चारची बस

१ मार्च, शनिवार

आले एकदाची! बसमध्ये उतारू मी एकटीच, त्यामुळे कंडक्टरनं माझी बॅग स्वतः उतरवून दिली आणि वर सलामही ठोकला. शहरातली आठ वर्षांची नोकरी सोडताना जी धाकधूक होती, ती गाव बघितल्यावर पार विरून गेली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला टेकडी, मधे दगडी फरसबंदीचा एकच मोठा रस्ता. दर खिडकीत कुंड्या. कुठं कागदाचा कपटा म्हणून नाही. माझ्या जुन्या ऑफिसच्या जिन्यात याहून जास्त कचरा असायचा.

खोली बेकरीच्या वर आहे. बेकरी घरमालकीणबाईंचीच. सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं, मीही पहिल्या चहालाच म्हणायला लागले. खोलीत पलंग, टेबल, पितळी कडीचं कपाट. खिडकीतून बसथांबा दिसतो. आठवड्याला एकच बस: शनिवारी सकाळी दहाला येते, रविवारी दुपारी चारला परत जाते. मोबाईलला रेंज नाही. ताईला कळलं तर म्हणेल, बरं झालं, आता तरी डोळे वर करून जग बघशील.

३ मार्च, सोमवार

कामाचा पहिला दिवस. पर्यटक केंद्र म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक टेलिफोन. व्यवस्थापक साठीचे, काटकुळे, त्यांना सगळे काका म्हणतात. दिवसभर पेन्सिलींना टोक काढत बसतात. टोक आलं की ती बाजूला, दुसरी घ्यायची. लिहिताना मात्र एकदाही दिसले नाहीत.

शनिवार-रविवार इथं येणाऱ्यांचे बेत आखायचे, हे माझं काम. कुठं उतरायचं, काय बघायचं, चहा कुठं घ्यायचा. यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते. ताई म्हणते, तुझा बेत म्हणजे लग्नाची पत्रिका, मिनिटाचाही फरक नाही.

आज एका मुलानं फोन केला. निवृत्त मास्तर असलेल्या वडलांना आणि आईला इथं दोन दिवस पाठवायचंय. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत, असं त्यानं तीनदा बजावलं. मला तो मुलगा फार आवडला. नदीकाठचा सपाट रस्ता, दर शंभर पावलांवर बाक, असा बेत केला. काकांनी वाचला आणि म्हणाले, वा.

८ मार्च, शनिवार

मास्तर आणि मास्तरीणबाई आले. मीच थांब्यावर घ्यायला गेले होते. बाई एकदम बोलक्या. पाच मिनिटांत पर्समधून नातवाचा फोटो काढून दाखवला. पुढचे दोन दात पडलेत आणि तरी हसतोय कसा बघा, म्हणाल्या. मास्तर म्हणाले की ही हा फोटो बसच्या ड्रायव्हरलासुद्धा दाखवून आलीय. दुपारी दोघं बाकावर बसलेले दिसले, मावशींनी बांधून दिलेला केक खात. माझा बेत जमला.

९ मार्च, रविवार

चारची बस रिकामीच गेली. खिडकीतून बघत होते. मास्तर आणि बाई मावशींच्या ओट्यावर चहा पीत होते, बसकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही. मी धावत खाली गेले. मावशी म्हणाल्या, अगं, रमलेत, राहू दे की.

त्यांच्या मुलाला कळवायला हवं. उद्या पहिलं काम तेच.

१० मार्च, सोमवार

हे नीट, क्रमानं लिहून ठेवते.

सकाळी पाव घ्यायला उतरले. काउंटरमागे मास्तरीणबाई. एप्रन बांधलेलं, हात पिठानं माखलेले. मी हसून म्हटलं की बस चुकली वाटतं. त्यांनी विचारलं, कुठली बस? आम्ही लग्न झाल्यापासून इथंच आहोत की. मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हणून नातवाचा विषय काढला. त्या जराशा ओशाळल्या. म्हणाल्या, "आम्हाला मूलबाळ नाही हो. नशिबात नव्हतं."

खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे असे नसतात.

शाळेवरून गेले तर अंगणात मास्तर घंटा देत होते. मला ओळख दिली नाही.

ऑफिसात जाऊन मुलाला फोन लावला. लागेना. काका म्हणाले की हा टेलिफोन बाहेरून येतो फक्त, इथून जात नाही. हेही पेन्सिलीला टोक काढता काढता.

११ मार्च, मंगळवार

मुलाचा फोन आला. आई-बाबा अजून पोचले नाहीत. काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि हलकेच म्हणाले की रविवारी चारच्या बसनं निघाले म्हणून सांग.

मी सांगितलं.

का सांगितलं? त्यांनी मला धरलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. नुसते मागे उभे होते. तो मुलगा थँक्यू म्हणाला. थँक्यू म्हणाला मला.

१२ मार्च, बुधवार

काकांना सरळ विचारलं. त्यांनीही सरळ उत्तर दिलं, आडपडदा काही नाही. इथं जो दोन दिवस मनापासून रमतो, तो मागचं विसरतो. गावाला माणसं लागतात, बेकरीला, शाळेला, नदीवरच्या नावेला. दुखत काहीच नाही. मुलांना वेळ लागतो, मोठी माणसं पटकन विसरतात. मग मी कशी विसरले नाही? काका म्हणाले, आपल्याला विसरून कसं चालेल, बेत कोण आखणार? गावात आहोत तोवर आपल्याला सगळं आठवतं.

आणि त्यांनी माझ्यापुढे पुढच्या शनिवारची यादी ठेवली. दोन नावं. ताई. आणि तिची लेक, चिमणी.

मला आनंद व्हावा म्हणून त्यांनी आपण होऊन ताईला पत्र धाडलं होतं म्हणे.

तेवढ्यात फोन वाजला. ताईच. चिमणीची सुट्टी आहे, तुला बघून किती महिने झाले, येतोय आम्ही. काका समोर होते. मी म्हटलं, येऊ नकोस, मला ताप आहे. ताई म्हणाली, मग तर येतेच. मी म्हटलं, ताप नाही, काम फार आहे. ताई म्हणाली, "तुझा आवाज मला कळत नाही का? काहीतरी झालंय तुला. शनिवारी दहाला थांब्यावर ये."

ठेवला फोन. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

१३ मार्च, गुरुवार

पहाट होताच चालत निघाले. कुठलंही गाव गाठायचं आणि ताईला फोन करायचा. गावच्या वेशीवर मैलाचा दगड होता, शून्य. पुढे एक, दोन, तीन. हायसं वाटलं. टेकडीला वळसा घातला. पुढच्या दगडावर दोन. मग एक. मी वळले नव्हते. रस्त्याला फाटाच नाही. तरी समोर बेकरीचं धुराडं, आणि दारात मावशी, चहा घेऊन.

बूट केवढे धुळीनं भरलेत बघ, म्हणाल्या. आणि खाली बसून स्वतःच्या पदरानं पुसले.

१४ मार्च, शुक्रवार

बेत आखला. आयुष्यातला सगळ्यात टुकार. सकाळी धोबीघाट. दुपारी चक्की, धूळ, आवाज. चहा नाही. बाक नाहीत. ताईला रमूच द्यायचं नाही, चिडचिड झाली पाहिजे, पाय दुखले पाहिजेत. रविवारी चारला दोघींना बसमध्ये बसवायचं. मी राहीन. मी राहिले तर चालेल.

काकांनी वाचला. वा, म्हणाले.

१५ मार्च, शनिवार

आल्या. चिमणी केवढी उंच झालीय. ताईनं आधी माझ्या कपाळाला हात लावला, ताप बघायला.

थांब्यावरच सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग माझा हात धरून म्हणाली, तू किती दिवस झोपली नाहीस?

धोबीघाटावर नेलं. नदीच्या काठी वाळत घातलेल्या चादरी बघून ताई म्हणाली, किती छान गं. चक्कीच्या घरघरीत चिमणी हसत सुटली. ताई पण. किती वर्षांनी अशी हसली — बाबा गेल्यापासून नाही. मी तिला ओढत होते आणि ती हसत होती.

दुपारी एकला ताईला विचारलं, चिमणीचा वाढदिवस कधी. बरोबर सांगितला.

पाचला विचारलं. थोडा वेळ लागला. महिना चुकला.

आता ती खाली मावशींना कणीक मळून देतेय. आवाज येतोय. बोलवलं, आले आले म्हणते. येत नाही.

१६ मार्च, रविवार

सकाळी आठ. विचारलं, चिमणीचा वाढदिवस?

म्हणाली, कुणाचा?

बारा. चिमणीला सगळं आठवतंय. आई माझ्याशी बोलत का नाही, विचारते. मी काय सांगू —

अडीच. परतीची दोनच तिकिटं, ताईच्या पर्समध्ये. कंडक्टर तिकिटाशिवाय घेत नाही आणि इथं तिकीट मिळत नाही, विचारून आले. एक चिमणीचं. एक ताईचं. ताई एप्रन सोडत नाही. दोन्ही हातांनी ओढलं तर घाबरली मला. मावशींच्या मागे लपली. माझी ताई.

चारला पाच कमी. बसमध्ये. चिमणी खिडकीशी. दुसरं तिकीट माझ्या हातात. एकटीला कसं पाठवू — नऊ वर्षांची आहे — ताई फुटपाथवर आलीय, पावाची टोपली घेऊन. मी ओरडले, ताई, चढ. ती जवळ आली. चिमणीकडे बघून हसली.

"अहो, तुमची मुलगी का? गोड आहे हो. परत या दोघी."

अहो. मला अहो म्हणाली.

सुटली बस. चिमणी काचेवर मुठी आपटतेय. आई, आई. मी धरून ठेवलंय. एका हातानं लिहितेय, लिहिलं नाही तर —

वेस. शून्य. दगड मोजते. एक. दोन. तीन. टेकडी. चार. चार! पाच. वाढताहेत. सहा. सुटलो. पुढच्या गावात उतरून पोलिस, त्या मास्तरांचा मुलगा, सगळ्यांना घेऊन मी परत — ताईला मी —

अकरा. चिमणी रडायची थांबली. माझ्या दंडावर डोकं टेकलंय. शांत आहे. म्हणाली, आई, आपण कुठं गेलो होतो?

नाही. मावशी. मी तुझी मावशी आहे, बाळा. तुझी आई ताई. ताई म्हणजे — तिचं नाव — पोलिसांना नाव सांगावं लागेल — वही सगळी चाळली, पानोपानी नुसतं ताई, ताई, मी एकदाही तिचं नाव लिहि—