नाना, ‘सरावणे’ या क्रियापदाविषयी

नाना,

‘तीर्थरूप’ लिहायला हात धजत नाही, तेव्हा नुसतं नाना.

काल शिंदखेड्याला शाळेत तुमची शोकसभा झाली. तुमचे विद्यार्थी म्हणाले, “सरांनी आम्हाला एकेक शब्द तोलून वापरायला शिकवलं.” मग स्मरणिकेसाठी मला चार ओळी मागितल्या. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जे आहे ते तुम्हालाच लिहिते.

‘सरावणे’ तुम्ही किती रंगून शिकवायचात! अकर्मक क्रियापद, हळूहळू सवय होत जाणे. डोळे अंधाराला सरावतात, हात कामाला सरावतो. या क्रियापदात करणारा कुणी नसतो, सगळं आपोआप होतं. म्हणूनच तुम्हाला ते इतकं सोयीचं वाटलं ना?

अक्काला सावद्याला दिलीत, केळीच्या व्यापाऱ्याकडे. वर्षाच्या आत ती माहेरी आली. गालावर वळ होते. सासू जेवणाला कुलूप लावते, म्हणाली. तुम्ही काय म्हणालात? “नवीन घर आहे, सरावशील. घरात रंगीत टीव्ही आहे, आणखी काय हवं?” आणि दुसऱ्या दिवशी तुम्हीच तिला एसटीत बसवून आलात.

दिवाळीला ती आली तेव्हा हातात बांगड्या राहत नव्हत्या. आई ओरडली, “पोर बठ्ठी वाळी गयी!”

तुम्ही वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाहीत. “वाळली नाही, सरावत चाललीये. आणि घरात शुद्ध बोलत जा.”

शुद्ध! लाज नाही वाटली?

शेवटी तिला आणायला गेली ती आई. कधी एकटी धुळ्यालाही न गेलेली बाई जळगावला गाडी बदलून सावद्याला पोहोचली. व्याह्यांच्या ओसरीवर उभी राहून म्हणाली, “मनी पोर माले द्या.” चहा घेतला नाही, बसली नाही. अक्का नेसत्या लुगड्यानिशी निघाली.

तुम्ही आईशी महिनोन् महिने बोलला नाहीत. पुढे अक्का नर्स झाली, गावात कौतुक झालं, तेव्हा मात्र ओट्यावर सांगत सुटलात, “मीच आणली पोरीला परत!” आई आत भाकरी थापत होती. तिने ऐकलं. तिच्या गप्प बसण्यालाही तुम्ही समाधान म्हणालात. एवढं भाषेचं ज्ञान!

रडू येईल असं वाटलं होतं, नाना. आलं नाही. तुमच्यासारख्या भित्र्या माणसाला आम्ही इतकी वर्षं घाबरलो, याचंच हसू आलं.

आता मीही धुळ्याला मराठी शिकवते. वचन देते, हे क्रियापद माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला शिकवीन. आणि कुणी तिला ‘सरावशील’ म्हणालं, तर “कशाला?” असं तोंडावर विचारायलाही शिकवीन.

तुमची, केवळ आडनावापुरती,
कुंदा