भेडाघाटपर्यंत आलेल्या पायऱ्या

प्रिय ताई,

बैलाच्या सांगाड्याचा सागवानी स्टँड, पितळी तारेच्या सांध्यांसकट. मटाराच्या नव्या वाणांसाठी खणांची पेटी. नाटकवाल्यांची दुमडती पालखी. एका शिलालेखाचा प्लास्टरचा ठसा, ज्यात दगडाची भेगसुद्धा उतरली आहे. विद्यार्थ्यांच्या कवितांच्या अंकासाठी लाकडात उलटी कोरलेली अक्षरं. शोधप्रबंध शिवायचा शिकंजा. आणि डोंगरांसकट लाकडात उतरवलेली तुझी नर्मदा, बरगीपासून भेडाघाटच्याही पुढे, साडेपाच फूट लांब.

हे सगळं मी केलं, या दोन हातांनी, कोणत्याही कॉलेजात न शिकता. तुला माहीतच आहे. तरी लिहून काढलं, कारण परवा नर्मदा सदर बाजारातल्या माझ्या दुकानात परत आली आणि आज शनिवार आहे. शनिवारी तू यायचीस, स्टुलावर बसायचीस, आठवड्याचं सगळं विचारायचीस. आता कोणाला सांगू?

विद्यापीठात तू भूगोल शिकवायचीस त्या खोलीत कॉम्प्युटर बसताहेत. तिथल्या बाबूचा फोन आला, "भैया, दीदी का वो पहाड़ वाला टेबल उठा लीजिए." पहाडवाला टेबल! तू त्याला तिथेच नकाशा वाचायला बसवलं असतंस.

मला अजून रडू आलेलं नाही. तुझ्या तेरवीला मी पंगतीच्या पत्रावळी दोरी धरून सरळ लावत होतो. तुझी भावजय मंगला म्हणाली, "काहून दोरी लावून राहिले तुम्ही? लोक जेवायला आले आहेत." मी दोरी सोडली नाही. तेव्हापासून दुकान उघडतो, बसतो, बंद करतो. लाकूड घासून झालं की नाही हे मी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही, बोटांनीच ओळखलं. आता बोटांना काही कळत नाही. खरखरीत आणि गुळगुळीत सारखंच लागतं.

आठवतं, मी तुला चिडवायचो? तुमच्या विद्यापीठात नुसतं बोलतात, बनवत कोण आहे! तू म्हणायचीस, आधी आपल्या फळीकडे बघ आणि मग बोल. होळीनंतर विद्यापीठाच्या कामांनी फळी भरायची. खाली बैल उभा, वर मटाराची पेटी, तिला टेकून कवितांचे ठसे. जनावरांच्या डॉक्टरकीची पोरं आणि नाटकातल्या पोरी एकाच बाकावर थांबायच्या. त्या बाकावरच नाटकवाल्यांना बैल आवडला आणि ते तो मागून घेऊन गेले. प्रयोगात सांगाडा राजाच्या सिंहासनामागे उभा केला. टाळ्या राजापेक्षा बैलाला जास्त पडल्या. तू माझ्या कानाशी म्हणालीस, "हे घे. हाही प्रबंधच आहे." मी बैलाच्या गुडघ्याची तार ढिली तर झाली नाही ना, हेच पाहत होतो.

सगळ्या विभागांचं असं काम एका जागी मांडायला तुला एक व्हरांडा हवा होता. कितीदा मागितलास! कोणी दिला नाही.

आपलं बिनसलं ते नर्मदेवरून. एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा तू दिलास. एकेका रेषेवर मी प्लाय कापला, थरावर थर पायऱ्यांसारखा चढवला. मग थरांच्या कडा खडू आणि सरसाच्या लुगदीने भरल्या, घासल्या, रंग दिला. डोंगर असा उतरला की पाणी ओतलं तर वाट शोधत नदीला मिळेल. तू आलीस, हात फिरवलास आणि विचारलंस,

"विन्या, पायऱ्या कुठे गेल्या?"

"डोंगराला पायऱ्या असतात का?"

"माझ्या पोरांना त्या मोजायच्या होत्या रे. चढ मोजता यायला पाहिजे."

घासलेलं उकरणार नाही, असं मी साफ सांगितलं. उलट वरून काच बसवून दिली. तू पहिल्याच आठवड्यात ती काढून कपाटामागे ठेवलीस. त्यावरून आपण दिवाळीपर्यंत धड बोललो नाही. अजूनही सांगतो ताई, उतार माझा बरोबर होता.

काल भेडाघाटच्या रस्त्यावर हॉटेल बांधणारा एक माणूस दुकानात आला. त्याला दर्शनी हॉलसाठी नर्मदा हवी होती. दोनदा फेरी मारून त्याने काम वाखाणलं. मग नदीच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे रंग उडालेला, लुगदी झिजलेली, प्लायच्या कडा उघड्या. "बस ये घिसा हुआ किनारा नया कर दीजिए. ऊपर काँच." आणि आकडा बोलला. मंगलाने हातातला कप खाली ठेवला. मशीनवर मॉडेल बनायला लागल्यापासून फळी कशी रिकामी असते, ते तू पाहिलं आहेस.

खरं सांगू? तो काठ पाहून मलाही तुझाच राग आला होता. काय करून ठेवलंस माझ्या कामाचं! आज सकाळी मी घासकागद काढला.

तेवढ्यात तुझी नेहा आली. तुझ्याकडे शिकली, आता तुझ्याच विभागात शिकवते. मराठी तिला समजते, बोलताना मात्र हिंदीत जाते. माझ्या हातात कागद पाहून ती दारातच थांबली.

"काका, इसको चिकना मत करना."

मी म्हणालो, झिजलंय ते, दिसत नाही का?

"घिसा नहीं है, काका. हमने घिसा है. मैडम पहले दिन आँखें बंद करवाती थीं. कहती थीं, उँगली से चढ़ो, उँगली से उतरो. हमारे टाइम में सीढ़ियाँ बस बरगी की तरफ़ निकली थीं. देखिए, अब भेड़ाघाट तक आ गईं."

ती गेल्यावर मी डोळे मिटले. बरगीच्या टेकडीवर बोट ठेवलं. एक कड लागली. मग दुसरी. माझे थर, मी कापलेले, मीच बुजवलेले, एकामागून एक बोटाखाली येत गेले. एकही कड रेषेबाहेर नव्हती. भेडाघाटपाशी बोट थांबलं. पुढे गुळगुळीत होतं. आणि ताई, ते गुळगुळीत आहे हे मला कळलं. रडू तेव्हाही आलं नाही. पण बोटांना कळलं.

हे तू मला काहून सांगितलं नाहीस? दर शनिवारी समोर बसून चहा प्यायचीस, आणि तिकडे तुझी पोरं दर वर्षी थोडी थोडी तुझी बाजू वर काढत होती! मीच कधीतरी येऊन हात लावीन, याची वाट पाहत होतीस का? मला बोलवायचं तरी होतंस.

नेहाने लायब्ररीचा व्हरांडा मिळवला आहे. तुझाच तो. यंदा मटाराचे वाण, नाटकाचे मुखवटे, कवितांचे अंक, प्रबंध, सगळं तिथे लागणार आहे. मधोमध नर्मदा. बैलही येईल म्हणते.

माझा शब्द घे. काच बसणार नाही. लुगदी लागणार नाही. प्लायचं कुसळ निघालं तर तेवढंच काढीन, म्हणजे पोरांच्या बोटात जायचं नाही. भेडाघाटच्या पुढचं पोरं बघतील.

हॉटेलवाल्याला फोन करून नाही म्हणालो. मंगला दोन दिवस बोलायची नाही. तू असतीस तर आधी हसली असतीस, आणि मग भाजीबाजारात विचारायचीस तसं विचारलं असतंस, आकडा तर सांग विन्या, किती देत होता?

एक लाख ऐंशी हजार.

तुझा,
विन्या